दिवस मावळायच्या आत

जिनपाल मगदूम मंडईत शिरला की भाजीवाल्या एकमेकींना खुणा करायच्या. पावशेर दोडकी घ्यायची, पण हा एकेक दोडका उचलणार, देठ बघणार, उन्हाकडे धरणार, परत ठेवणार आणि शेवटी शेजारणीच्या पाटीत डोकावणार. लग्नाच्या वेळीही त्यानं अकरा मुली पाहिल्या होत्या. बाराव्या प्रभावतीला तो हो म्हणाला, तेही त्याच्या आत्यानं, चंदनबालाबाईंनी, आता बास म्हणून दरडावल्यावर. असा माणूस मोटारसायकल निवडायला निघाला म्हटल्यावर गल्लीतले लोक हसले. हसण्यासारखंच होतं ते, आणि तेव्हा तोही हसला.

गरज मात्र खरी होती. आष्ट्याला मामांची तेलगिरणी होती आणि तिथला शेंगा तोलायचा काटा जिनपालकडे होता. रोज सायकलीनं सांगलीहून जायचं, सायकलीनं यायचं. पाच वाजता सुटला तरी घरी पोचायला पावणेसात होत. घर आष्ट्याला हलवायची सोय नव्हती. प्रभावतीचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं. आता दुसऱ्यांदा दिवस राहिले होते आणि डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "बाळंतपण होईपर्यंत सांगली सोडायची नाही. आणि दोन्ही वेळा पोटभर जेवायचं."

हे दुसरं सांगणंच अवघड होऊन बसलं. मगदूमांच्या घरात दिवस मावळल्यावर कुणी जेवत नसे. जैनांच्या घरात संध्याकाळचं जेवण, अंथऊ म्हणतात त्याला, सूर्य असतानाच उरकायचं. पाणीसुद्धा पुन्हा सकाळीच. यात कुणाला काही जड वाटत नव्हतं. पण जेठात बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, मुनिमहाराज आले होते आणि प्रभावतीनं त्यांच्यापुढे नियम घेतला होता: मूल पदरात पडेपर्यंत नवऱ्याला आपल्या हातानं वाढल्याशिवाय तोंडात घास घालणार नाही. जेठाचा दिवस सात वाजून गेले तरी मावळत नाही. जिनपाल घामाघूम होऊन येई, पाय धुई, पानावर बसे, तरी भिंतीवर ऊन असायचंच. दिवस पुढे लहान होणार आहे, हे नियम घेताना ना तिच्या ध्यानात आलं, ना त्याच्या, ना आत्यांच्या.

दिवाळी सरली आणि सहालाच अंधारू लागलं. जिनपाल दारात सायकल टेकवायचा तेव्हा चूल विझलेली असायची. तो उपाशी, म्हणून तीही उपाशी.

"अगं, तुझ्या पोटात जीव हाय," तो म्हणायचा. "माझ्यासाठी कशाला थांबतीस?"

"तुमच्यासाठी न्हाई, त्याच्यासाठीच थांबते," ती म्हणायची. पहिलं मूल गेल्यापासून ती त्या नियमाला असं धरून होती, की तो सुटला तर मूलही हातचं जाईल. ज्यांनी नियम दिला त्यांनीच सोडवावा, असं तिचं म्हणणं. आणि महाराज तर जतवरून खाली कानडी मुलखात विहाराला गेले होते. पायी चालणाऱ्या माणसाला कुठं गाठायचं?

मामा काही काटा लवकर सोडू देईनात. शेंगांचा हंगाम, गाड्यांची रांग लागलेली. सर्व्हिस मोटर भरल्याशिवाय हलायची नाही. मग कुणीतरी सांगितलं, की लढाई संपली तशा लष्करातल्या मोटारसायकली विकायला निघाल्या आहेत, साताऱ्याला ज्योतिबा म्हणून एक जण त्या दुरुस्त करून देतो. जिनपालनं हिशेब केला. आष्ट्याहून सांगली, पाऊण तास. पाचाला निघालं तर पावणेसहाला पानावर. एवढंच हवं होतं. पैसे साठलेले होते, पेट्रोलची कुपनं मामा मिळवून देणार होते. प्रश्न फक्त निवडण्याचा होता, आणि घोडं तिथंच पेंड खाणार होतं.

पहिल्या रविवारी तो उजाडायच्या आधीच निघाला. दारात प्रभावती कंदील घेऊन उभी होती.

"यायला अंधार होईल," तो म्हणाला. "मी साताऱ्यात जेवून घेईन. तू हितं जेवून घे."

तिनं मान हलवली. मोटर गाठायची होती, त्यानं पुढे काही विचारलं नाही.

ज्योतिबा माणदेशातला, दहिवडीकडचा. लढाईत चार वर्षं मोटारसायकलीवरून टपाल पोचवत इजिप्त आणि इटली पालथी घातलेला. पोवई नाक्याजवळ पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं दुकान. तिथं तीन गाड्या उभ्या होत्या. एक मोठी, हिरव्या रंगाची, बैलासारखी रुंद. दुसरी तशीच, पण थोडी उंच. आणि तिसरी लहान, सायकलीची थोरली बहीण शोभावी अशी, पेट्रोलमध्ये तेल मिसळून चालणारी.

"कशाला पायजे?" ज्योतिबानं विचारलं.

"रोज आष्ट्याला जायला-यायला. आणि कवातरी सुटीला सहज एखादी चक्कर."

"मग ही बारकी न्या. डोळं झाकून न्या. मोठी पेट्रोल पिती आन पडली तर तुमच्यानं उचलनार न्हाई."

इथं डोळे झाकले असते तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण डोळे झाकणं जिनपालच्या रक्तात नव्हतं. तो तिन्ही गाड्यांभोवती दहा वेळा फिरला. बारकीचा आवाज त्याला पोरकट वाटला. मोठीच्या टाकीवर त्यानं हात ठेवला, ज्योतिबानं लाथ मारून ती चालू केली आणि तो धडधडाट जिनपालच्या तळहातातून छातीपर्यंत आला. बत्तीस वर्षांच्या आयुष्यात त्यानं काट्याच्या दांडीपलीकडे कशावर हुकमत चालवली नव्हती. त्याला ती गाडी फार आवडली. नको तितकी आवडली.

"दिव्याचं काम ऱ्हायलंय," ज्योतिबा म्हणाला.

"दिव्याचं राहू दे गड्या. मला दिवा लागायचाच न्हाई. दिवस मावळायच्या आत घरी पोचायचं, म्हणून तर घेतोय."

ज्योतिबा हसला. "मंग आजच न्या की!"

"पुढच्या रविवारी बघू."

पुढच्या रविवारी तो माळावर मोठी गाडी चालवायला शिकला आणि दोनदा पडला. ज्योतिबानं आणि एका गुराख्यानं मिळून ती त्याच्या पायावरून उचलली. तरी मन मोठीतच. त्याच्या पुढच्या रविवारी त्याला कळलं, की मोठीची बैठक कातड्याची आहे. कातड्यावर बसणं जैनाला कसं चालेल? ती बदलून जाड कापडाची करून मिळेल का? मिळेल, पण आठवडा लागेल. चौथ्या रविवारी बैठक तयार होती, पण आता त्याला पेट्रोलच्या कुपनांचा घोर लागला. महिन्याच्या कुपनांत मोठी गाडी पंधरा दिवस जाईल, मग उरलेले पंधरा दिवस काय? मग बारकी बरी. पण बारकी चढाला दम खाईल का? मग उंच?

"आवं शेट," ज्योतिबा वैतागून म्हणाला, "लढाईत आमाला गाडी कुणी निवडू दिली न्हाई. जी हातात आली तिच्यावर बसलो आन जीव वाचवला. तुमी घेनार हाय का नुसतं बगत फिरनार?"

जिनपालनं सगळ्या गल्लीला सांगितलं होतं, की हे सगळं प्रभावतीसाठी चाललं आहे. खोटं नव्हतं ते. पण साताऱ्याचे ते रविवार त्याला सुखाचेही होते, हेही खोटं नव्हतं. गिरणीतली धूळ नाही, गाडीवानांची कटकट नाही. दुपारी ओळखीच्या एका जैन व्यापाऱ्याकडे पोटभर जेवण, अजिंक्यतारा बघत पान, आणि पुन्हा शेडमध्ये जाऊन तीच चर्चा. परतताना मोटारीत तो गुणदोष जुळवत बसायचा. घरी पोचला की आठ वाजलेले असायचे. प्रभावती आडवी झालेली असायची.

"जेवलीस ना?" तो विचारायचा.

"पडा आता, दमला असाल," ती म्हणायची. आणि मग मोठी की बारकी, असं आपणहून विचारायची. तो तासभर सांगत राहायचा.

तिचा चेहरा उतरत चालला होता. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत मागे जात. त्याला ते दिसत नव्हतं असं नाही. म्हणूनच तो स्वतःला म्हणायचा, चुकीची गाडी घेऊन चालणार नाही, रस्त्यात बंद पडली तर पुन्हा हिलाच उपाशी राहावं लागेल.

सहाव्या रविवारी त्यानं बारकी घेतली. पहिल्याच दिवशी ज्योतिबानं सांगितलेली तीच. ज्योतिबानं कपाळावर हात मारला, नारळ फोडला आणि कऱ्हाडपर्यंत सोबत दुसऱ्या गाडीवरून आला. पुढे जिनपाल एकटा. पेठ, इस्लामपूर, आष्टा. गाडी कुठेही अडली नाही, एका चढालाही तिनं दम खाल्ला नाही. सांगलीच्या वेशीत शिरला तेव्हा सूर्य दोन हात वर होता. आयुष्यात इतका आनंद त्याला झाला नव्हता. गल्लीतली माणसं दारात येतील, प्रभावती येईल, आणि आज पानावर ऊन असेल.

दाराला कडी होती. शेजारच्या धोंडुबाई ओट्यावर उभ्या होत्या. त्या गाडीकडे बघेनात.

"दवाखान्यात जावा," त्या म्हणाल्या. "दुपारीच नेलंय तिला."

दवाखान्याच्या व्हरांड्यात चंदनबाला आत्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. मूल पोटातच गेलं होतं. मुलगा होता. प्रभावती वाचली होती, पण आता तिला पुन्हा मूल होणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं.

"चक्कर येऊन पायरीवरनं पडली," आत्या म्हणाल्या. "काल सकाळपासनं पोटात अन्न न्हाई."

"कालपासनं? आज दुपारी जेवली न्हाई?"

आत्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "कुणाला वाढून जेवणार? तू कवा होतास घरात?"

"मी तिला सांगून जात होतो. साताऱ्यात जेवतो म्हणून."

"तिनं वाढलं व्हतं का साताऱ्यात? नियम वाढायचा हाय बाबा. शनवारी सांजचं न्हाई, ऐतवारी दोन्ही वेळचं न्हाई. एकदम सोमवारी सकाळी. सगळे ऐतवार असंच. मी म्हनलं, त्याला सांग. म्हनली, सांगितलं तर जायचे न्हाईत, आन गाडी आली तरच रोजचं सुटंल."

जिनपाल मोजू लागला. सहा रविवार. पहिल्याच रविवारी घेतली असती तर एकच उपास, आणि त्यानंतर रोज ऊन असताना पान. पुढचे पाच रविवार त्यानं निवडण्यात घालवले होते. तो मोठ्यानं रडला, आणि दवाखान्यातल्या बायका वळून बघू लागल्या तरी त्याला थांबता येईना.

आतून आयाबाई आली. बाई काही खात नाहीत, म्हणाली, मालकांना बोलवा म्हणतात.

प्रभावती खाटेवर पांढरी पडून होती. उशाशी भाताची पेज होती. खिडकीतून ऊन अजून येत होतं. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे पाहिलं.

"वेळेवर आलासा," ती म्हणाली.

"अगं, सुटला आता नियम. कशासाठी..."

"मूल कुठं पडलं पदरात?"

तिनं चमचा उचलला. अर्धी पेज चादरीवर सांडली. राहिलेली तिनं त्याच्या ओंजळीत घातली. मेलेल्या मुलाच्या बापानं ती खाल्ली, कारण त्यानं खाल्ल्याशिवाय त्या मुलाची आई खाणार नव्हती. मग तिनं दोन घोट घेतले आणि डोळे मिटले.

पदरात मूल कधी पडायचंच नव्हतं, म्हणजे नियम आता जन्माचा झाला. जिनपालनं पुढे तीच गाडी वर्षानुवर्षं चालवली. सुटीच्या दिवशी सहज चक्कर मारायला ती एकदाही बाहेर निघाली नाही. रोज पाचाला आष्ट्याहून निघायचं, पावणेसहाला पानावर बसायचं. प्रभावती वाढायची, तो मान खाली घालून जेवायचा, मग ती जेवायची. दोघं फारसं बोलत नसत. त्या रविवारनंतर प्रभावती एकही संध्याकाळ उपाशी राहिली नाही.