वाळ्यांसकट वजन

मी एक जुना वजनकाटा आहे. दुकानातला नव्हे, बाळांचा. गोल पांढरी तबकडी, एक काळी सुई, वर अडकवायला कडी आणि खाली आकडा. आकड्याला कापडी झोळी लावतात, झोळीत बाळ बसवतात आणि माझी सुई धावत सुटते. मित्रांनो, आजवर शेकडो बाळं तोलली, तरी नवं बाळ आलं की माझी स्प्रिंग थरथरते. वय झालं, पण उतावळेपणा काही गेला नाही.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथल्या कामगाराने मला पाच किलोचं माप लावलं, सुई बरोबर पाचावर थांबली आणि तो म्हणाला, "हा खोटं बोलणार नाही." ते शब्द मी अजून मिरवतो. खोक्यात बसून मी अकोल्याला आलो आणि तिथून मूर्तिजापूर तालुक्यातल्या एका गावी, आरोग्य उपकेंद्रात. दर मंगळवारी आमच्या सिस्टर, मनकर्णाताई, मला व्हरांड्यात टांगत. बाळं रडत, लाथा झाडत, कित्येकांनी मला भिजवलंसुद्धा. मधे एक सेलवर चालणारा चपटा काटा आला आणि माझी रवानगी कपाटात झाली. काही महिन्यांनी त्याचे सेल संपले आणि नवे काही आले नाहीत. कपाट उघडलं तेव्हा मला किती आनंद झाला, ते मी लपवणार नाही.

पण एक गोष्ट मला खटकायची. आमच्या गावात बाळाला आजोळहून चांदीचे वाळे, कडी आणि करदोडा येतो. वर्ष पुरं होईस्तोवर ते अंगावरून उतरवत नाहीत, दृष्ट लागते म्हणतात. त्यावर टोपडं आणि जाड दुपटं. मनकर्णाताई सुरुवातीला सांगायच्या, की हे काढा. आज्या ऐकायच्या नाहीत आणि मागे रांग वाढायची. शेवटी ताईंनी सांगणं सोडलं आणि सुई दाखवेल ते वजन लिहू लागल्या. त्यांच्या तक्त्यावर सगळी बाळं हिरव्या पट्ट्यात, म्हणजे ठणठणीत. मी खोटं बोलत नव्हतो, पण खरं काही बाहेर येत नव्हतं.

यंदा एका मंगळवारी उपकेंद्राच्या अंगणातच ग्रामसभा भरली. पाच-सहा गावांच्या सिस्टर एकत्र करून बारा किलोमीटरवर एक मोठं आरोग्य केंद्र करायचं, असा विचार चालला होता. तसं झालं तर आमचा मंगळवार बंद होणार होता. मी टांगलेलाच होतो, सगळं ऐकत.

जुने शेतकरी खुशालराव पहिल्यांदा उठले. "एक सिस्टर अन् एक कपाट, यानं काय होते? मोठं केंद्र झालं तर डॉक्टर दिवसभर भेटन, रक्त तपासता यीन."

त्यांचं म्हणणं मला पटलं.

मनकर्णाताई म्हणाल्या, "निंदणाच्या दिवसात कोणती बाई पोर घेऊन बारा किलोमीटर जाईन, भाऊ?"

तेही पटलं. मी नुसताच डोलत राहिलो.

तेव्हा तालुक्याहून आलेले साहेब म्हणाले, "तक्ता पाहा. तुमच्या गावात एकही बाळ कमी वजनाचं नाही. मग दर आठवड्याला सिस्टर कशाला?"

मनकर्णाताईंची मान खाली गेली. खुशालरावांची छाती मात्र फुगली. "माह्याच नातीचं वजन करा न. सगळ्याइले दिसू द्या."

त्यांची सून वर्षाली सात महिन्यांच्या आचलला घेऊन पुढे आली. सुई सहा किलो शंभरवर थांबली. या वयाला सहाच्या वर म्हणजे हिरवा पट्टा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्या नको होत्या.

"थांबा," मनकर्णाताई म्हणाल्या. "काकू, वाळे काढता का?"

काकू म्हणजे खुशालरावांच्या पत्नी, माणिकबाई. रीत मोडू न देणाऱ्यांत त्याच पहिल्या.

"काहून?" खुशालरावांनी विचारलं.

"काट्याले चांदी अन् पोर सारखंच दिसते, भाऊ. हे मले मालूम होतं, तरी मी तसंच लिहून राहिली होती. चूक माही हाय."

माणिकबाई उठल्या. त्यांनी एक वाळा काढला, मग दुसरा, मग कडी, करदोडा, टोपडं आणि दुपटंही. मित्रांनो, त्या क्षणी मी इतका अधीर झालो होतो, की सुई ठरता ठरेना. ठरली तेव्हा ती पाच किलो सातशेवर होती. आचल पिवळ्या पट्ट्यात निघाली, म्हणजे तिचं अंग भरत नव्हतं.

खुशालराव सुईकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "बाकीच्याइचं बी काढा."

आणि काय सांगू, रांगच लागली. आज्या भराभर वाळे उतरवू लागल्या, पदरात चांदी किणकिणू लागली. आचल धरून अकरा बाळं तोलली, चार पिवळ्यात निघाली. इतकं धावपळीचं आणि इतकं खरं काम मी जन्मात केलं नव्हतं. साहेबांनी नवी वजनं लिहून घेतली. खुशालराव पुन्हा उठले, "मोठं केंद्र बी पायजे अन् आमचा मंगळवार बी पायजे. तसंच लिहा."

त्यावरची चर्चा वर अजून चालू आहे. आमचा मंगळवार सध्या तरी राहिला आहे. चार बाळांच्या आयांना काय, किती वेळा भरवायचं, ते मनकर्णाताईंनी घरोघरी जाऊन शिकवलं. आचलला मोठ्या दवाखान्यात खुशालराव स्वतः घेऊन गेले.

गेल्या मंगळवारी ती आली, आता दहा महिन्यांची. माणिकबाईंनी दारातच वाळे काढून पदराला बांधले. माझी सुई धावली आणि सात किलो दोनशेवर थांबली. हिरवा पट्टा. खुशालरावांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "आणखी एक डाव टांगा." ताईंनी पुन्हा टांगलं. तेवढंच भरलं.

मित्रांनो, मला गंजू देऊ नका, अधूनमधून पाच किलोचं माप लावून माझी परीक्षा घ्या. आणि बाळ माझ्याकडे द्याल, तेव्हा फक्त बाळच द्या.