नागप्पाच्या छातीतलं गाढव

नागप्पाला माणसं आवडत नव्हती आसं न्हाई. त्याला बेताल माणसं आवडत नव्हती, आन् त्याच्या मतानं सगळीच माणसं बेताल व्हती.

मुडबी गावाच्या पलीकडं माळाच्या अंगाला धनगरांची पंचवीस-तीस घरं. तिथल्या बिरोबाच्या म्होरं नागप्पानं चाळीस वर्सं ढोल वाजवला. त्यानं कान आसा नासला व्हता की शेजारी जात्यावर दळायला बसली तरी ह्याच्या कपाळाला आठी. "ईरण्णाची सून दळायली का दगडं फोडायली?" मोटार आली की डायवरनं गेर कसा टाकला त्यावरनं हा त्याची अक्कल काढायचा. मन्नाएखेळ्ळीचा ढोलाचा मेळा जत्रेला आला की पटका डोळ्यावर ओढून बसायचा. "वाजवत न्हाईत रं ती. बडवायल्यात. त्या ढोलानं ह्यांचं काय वाईट केलं आसंल?"

पुजारी अमृतप्पाच्या अंगात देव यायचा. त्यो घुमायला लागला की नागप्पा मुद्दाम मधीच ठेका फिरवायचा. अमृतप्पाच्या अंगातला देव दोन पावलं अडखळायचा, मंग इकडं-तिकडं बघून पुन्ना घुमायला लागायचा. "देव आसता तर चुकला आसता व्हय गं?" आसं हा बायकोच्या कानात म्हणायचा, पण चार घरांना ऐकू जाईल एवढ्यानं.

बायको बाणूबाई. तिच्यापुढं मात्र ह्याचं फार चालत नव्हतं. चाळीस वर्सं तिनं मेंढरं आन् नवरा एकाच काठीनं हाकलेला.

आणीबाणी उठली त्या सालची गोष्ट. दिवाळी झाल्यावर नागप्पाला दम लागायला लागला. टेकाडावरच्या देवळापातूर गेला की पायरीवर बसून ऱ्हायचा. छातीत पोत्यात कोंडलेल्या मांजरावानी काहीतरी उड्या मारायचं. बाणूबाईनं काढा दिला, तेल चोळलं. काही फरक न्हाई.

एक दिवस शाळेच्या वट्यावर टेकला तवा भीमराज गुरुजी बाहीर आला. हा बळीरामचा लेक. बळीराम म्हंजी अख्ख्या मुलखात एकच माणूस, ज्याच्या हलगीला नागप्पानं कधी नाव ठेवलं न्हाई. छप्पन साली त्याच्या लोकांनी बुद्धाची वाट धरली तवा बळीरामनं हलगी खाली ठेवली, ती मरोस्तवर उचलली न्हाई.

गुरुजीनं न इचारता ह्याचं मनगट धरलं, घड्याळाकडं बघत बसला.

"काय बघायलाव? देव सोडलेल्या माणसाला नाडीतलं काय कळतंय?"

"देव सोडला अण्णा, नाडी न्हाई सोडली. गप बसा जरा."

"तुमच्या बापानं हलगी टाकली, तवापास्नं या गावात ऐकावं आसं काही ऱ्हायलं न्हाई बघा."

"बाप हलगी हौसेनं वाजवत नव्हता. वाजवावी लागत व्हती," गुरुजी म्हणला. मनगट सोडलं न्हाई. मंग म्हणला, "अण्णा, ही नाडी मला मोजता येईना. ठोक्याला ठोका जुळंना. गुलबर्ग्याला जावा. उद्याच जावा."

नागप्पाला 'दुखायलंय' म्हणलं आसतं तर त्यो हलला नसता. पण 'ठोक्याला ठोका जुळंना' हे त्याच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिशी नवरा-बायको मोटारीत बसली.

मोठ्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई व्हती. पोरसवदा, चश्मा लावलेली, कानडी बोलायची, मधीच हैदराबादी मिसळायची. तिनं ह्याला खाटेवर आडवा केला, हातापायाला पट्टे बांधले, छातीला गार मलम फासून वाट्या चिकटवल्या. मशिनीतनं कागदाची पट्टी निघाली. त्यावर काळी रेघ, मधी मधी टोकं.

"ही टोकं म्हंजी तुमचे ठोके," ती म्हणली.

नागप्पानं पट्टी हातात घेतली आन् बोटानं अंतर मापलं. एक बोट. मंग दीड बोट. मंग अर्धंच. मंग दोन बोटं मोकळी. आख्ख्या पट्टीत दोन अंतरं सारखी सापडंनात.

"हे माझं न्हाई. दुसऱ्या कुणाचं तरी दिलाव."

तिनं गळ्यातली नळी काढून ह्याच्या कानात घातली आन् दुसरं टोक ह्याच्याच छातीवर ठेवलं. नागप्पानं डोळे मिटले. बघता बघता त्याचं तोंड आंबट झालं. मन्नाएखेळ्ळीचा मेळा ऐकतानाही एवढं झालं नव्हतं.

"कोण गाढव वाजवायलंय हे?"

"तुमचंच हाय अण्णा."

डॉक्टरीणबाईनं इचारलं, ल्हानपणी सांधे धरले व्हते का? व्हय, धरले व्हते. एका हिवाळ्यात गुडघे एवढे सुजले की बापानं पाठीवर घेऊन मेंढरामागं फिरवलं व्हतं. "त्या तापानं काळजातली झडप आखडली," ती म्हणली. "काळजाच्या वर दोन खोल्या, खाली दोन. वरच्यांनी ठोका द्यायचा, खालच्यांनी घ्यायचा. तुमच्या वरच्या खोल्या ठोका द्यायचं सोडून नुस्त्या थरथरायल्यात. खालच्या मंग जमंल तवा मारायल्यात."

"म्हंजी म्होरक्याच बिघडला," नागप्पा म्हणला. "मंग मेळ्याचं काय खरं?"

तिनं बारक्या पांढऱ्या गोळ्या दिल्या. सोमवार ते शुक्रवार रोज एकच. शनवार-ऐतवार नागा, गोळीच न्हाई. तीन महिन्याच्या एकदम, कारण गाव लांब.

"याच्यानं ताल यील ना?"

"ताल न्हाई यायचा. धाव कमी होईल, दम लागायचा कमी होईल. झडपेचं पुढं बघू. आन् ढोल आता बंद. ऐका नीट: जेवण नको वाटलं, उलटी झाली, डोळ्याला पिवळं पिवळं दिसायला लागलं, तर गोली बंद करके सीधा इदर आना. समजलं?"

नागप्पा कुटं ऐकायलाय? 'ताल न्हाई यायचा' इथंच त्याचे कान बंद झाले. चाळीस वर्सं गावाला तालात चालवणाऱ्या माणसाला ही कालची पोर सांगती की तुझ्या छातीत आता कायमचं गाढव नांदणार. बाणूबाई मात्र भिताडाला टेकून सगळं ऐकत व्हती.

घरी आल्यावर आठ-दहा दिवस ह्यानं एक-एक गोळी घेतली. दम कमी झाला, पाय हलके झाले. पण गळ्याच्या शिरेवर बोट ठेवलं की तीच गाढवगिरी. पंधरवड्यावर बिरोबाची जत्रा. आन् ह्या वर्सी नागप्पानं न्हाई वाजवलं तर मान मन्नाएखेळ्ळीच्यांना जाणार, हे अमृतप्पानं आधीच सांगून ठेवलेलं.

"एका गोळीनं पळायचं थांबलं," ह्यानं हिशोब मांडला, "म्हंजी तीन गोळ्यांनी तालात यील. नव्या पोराला ढोलाचं एक टिपरू मारलं तर नुस्तं गप बसतंय, तीन मारले की ठेका धरतंय."

"ती बाई एकच म्हणली व्हती," बाणूबाई म्हणली.

"ती बाई ऐतवारी औषध झोपवती. ऐतवार बिरोबाचा! देवाच्या दिशी औषधाला सुट्टी देणारीचं काय ऐकायलीस?"

आन् मंग रोज तीन गोळ्या. ऐतवारी चार, भंडाऱ्याच्या चिमटीबरोबर.

जत्रेच्या आधी पाच-सहा दिवस नागप्पा पहाटंलाच वरडत उठला. "बाणू! ढोल आण!" ढोल मांडीवर घेऊन एका पुडीला, म्हंजी एका अंगाच्या कातड्याला, ह्यानं छाती दाबली, दुसऱ्या पुडीला तिला कान लावायला सांगितला.

"काय ऐकू यायलंय?"

"दोन मारतंय, थांबतंय. पुन्ना दोन मारतंय, थांबतंय."

"दुडका ठेका!" नागप्पाच्या डोळ्याला पाणी आलं. "गाढवानं ठेका धरला गं!"

भाकरी मात्र त्याला जाईना. वास आला तरी उमळायचं. आन् दुसऱ्या दिशी सकाळी त्यो अंगणात हुबा राहिला तो हुबाच. धुतलेलं धोतर पिवळं. मेंढरं पिवळी. दुधाची चरवी पिवळी. आभाळाच्या कडंला पिवळी किनार. जणू बिरोबानं पहाटंच मूठ भरून भंडारा सगळ्या मुलखावर उधळला व्हता.

ही बातमी अमृतप्पाला कळायला कितीसा वेळ? चाळीस वर्सं ह्या माणसानं त्याच्या देवाला अडखळवलं व्हतं. पण पुजाऱ्याला गिऱ्हाइकाचा वास येतो. त्यो पळत आला आन् नागप्पाच्या पायावर पडला.

"नागप्पा, देवानं तुला भंडाऱ्याचे डोळे दिले रं! ह्या जत्रेला ढोल तूच. आन् कौलही तूच लावायचा."

माणसं पाया पडायला लागली. ईरण्णाची सून, जिला हा दगडफोडी म्हणायचा, ती नारळ घेऊन आली. नागप्पा आधी कसनुसा झाला. मंग त्याला पटायला लागलं. आयुष्यभर दुसऱ्याच्या अंगातला देव खोटा ठरवला, म्हंजी खरा आपल्याकडंच यायचा राहिला आसंल, आसं त्याला वाटलं.

"अवो, पिवळं दिसलं तर गोळी बंद करून या, आसं ती बाई म्हणली व्हती," बाणूबाई म्हणली.

"तिला भंडारा काय म्हायती, अक्का?" अमृतप्पा हसला. "ती चश्म्यातनं बघती."

"तू गप ऱ्हा. मी माझ्या माणसाला बोलायले."

पण माणूसही हसला. चार माणसांत बायकोवर हसला. जत्रेच्या आदल्या दिशी बाणूबाईनं भीमराज गुरुजीला बोलावलं, त्यानं मनगट धरलं. "मिनिटाला अडतीस," त्यो हळूच म्हणला. "सुरवातीला मोजता येईनात एवढे पळत व्हते, ते अडतीसवर आले. अक्का, हा ताल न्हाई. हे इझायलंय."

"तुमी सांगा की त्यास्नी."

"माझं ऐकतील व्हय? मी देव सोडलेला. तुमीच काहीतरी करा. तवर मी हमरस्त्यावर जीप बघतो."

जत्रेच्या ऐतवारी देवळापुढं माणूस माईना. नागप्पाला खांद्याला धरून आणला, कारण चालताना झोक जायला लागला व्हता. गळ्यात ढोल अडकवला. अमृतप्पा भंडाऱ्याची परात घेऊन म्होरं. टेकाडाखाली गुरुजीची जीप येऊन थांबली, तेवढ्यात बाणूबाई गर्दी फोडून आत आली. दोन हातात दोन वाट्या.

"अवो, देवानं भंडाऱ्याचे डोळे दिलेत म्हणता ना?" ती म्हणली. "ह्यातला भंडारा कंचा हाय तेवढं सांगा. मंग वाजवा, मी पाया पडते."

"परीक्षा बघतीस व्हय देवाची?" अमृतप्पा वरडला.

"देवाची न्हाई. ह्यांची."

नागप्पानं वाट्यांकडं बघितलं. दोन्हीत पिवळं. डोळे बारीक केले. पिवळंच. एकीत थोडं गडद वाटलं, पुन्ना न्हाई वाटलं. मंग बिरोबाचं नाव घेऊन ह्यानं डाव्या वाटीत बोटं घातली, चिमूट उचलली आन् कपाळाला लावली.

कुणीतरी फिस्सकन हसलं. मंग ईरण्णाची सून हसली. मंग सगळीच.

नागप्पानं बोटं चोळून बघितली. भंडारा आसा लागत न्हाई. भंडारा मऊ आसतोय. हे खरबरीत लागलं. जिभंला लावलं. ज्वारीचं पीठ.

अमृतप्पा म्हणत व्हता, "आरं, पीठ बी देवाचंच की! त्यात बी भंडारा बघितला त्यानं!" नागप्पानं त्याच्याकडं बघितलं, आन् चाळीस वर्सं ज्या नजरेनं त्यो अमृतप्पाकडं बघत आला व्हता, ती नजर पहिल्यांदाच त्याच्या सोतावर वळली.

"ये घुम्या," त्यो म्हणला, "देवाचं सोंग करायचं व्हतं तर निदान ज्याच्या छातीत नीट वाजतंय आशाला तरी धरायचास." मंग ढोल खाली उतरवला. "बाणू, मला काही दिसंना गं. जीप कुटाय?"

गुलबर्ग्याला पोचंपातूर त्यो दोनदा इझला आन् दोनदा पेटला. डॉक्टरीणबाईनं पट्टी काढली, गोळ्यांची पुडी मोजली आन् कानडीत ज्या शिव्या दिल्या त्या आख्ख्या वार्डानं ऐकल्या. नागप्पा निमूट ऐकत राहिला. शिव्या तालात व्हत्या.

गोळ्या बंद. दंडात सलाईन, छातीला वाट्या. चार दिवसांनी भिताडाचा पिवळेपणा गेला, चुना पांढरा दिसायला लागला. पाचव्या दिशी भीमराज गुरुजी भेटायला आला.

"जत्रा झाली?"

"झाली."

"ढोल कुणी वाजवला?"

"मन्नाएखेळ्ळीच्यांनी."

नागप्पा कोपरावर रेलला. "कसा वाजवला?"

"बरा वाजवला की."

"गुरुजी," नागप्पा म्हणला, "तुमच्या बापाचा कान तुमास्नी आला न्हाई."

सांजच्याला डॉक्टरीणबाई फेरीला आली. ह्यानं हात जोडून तिच्याकडं नळी मागितली. तिनं डोळे वटारले, पण दिली. कानात घालून नागप्पानं डोळे मिटले. दुडका ठेका गेला व्हता. एक ठोका, मंग दीड बोट मोकळं, मंग तीन घाईघाईनं, मंग एक इसरलेला. ह्याचं तोंड आंबट झालं, पण ह्यावेळी त्यानं नळी काढली न्हाई.

"आलं गाढव परत," त्यो म्हणला.

"सोमवार ते शुक्रवार एक," डॉक्टरीणबाई म्हणली. "शनवार-ऐतवार?"

"नागा," नागप्पा म्हणला. मंग छातीवर हात ठेवून बारक्या आवाजात म्हणला, "वाजव बाबा. तुला यील तसं वाजव. इथं नाव ठेवणारं कुणी न्हाई."

बाणूबाईनं फडक्यातली भाकरी सोडली. "गोळ्यांच्या पुड्या माझ्या कमरेला ऱ्हातील," ती डॉक्टरीणबाईला म्हणली. "एक गाढव छातीत हाय, एक खाटंवर हाय. मला सवय हाय दोघांची."