पिवळ्या रेघेचा बोल्ट

मित्रांनो, गाडीच्या पुढच्या डाव्या चाकामागे आम्ही चार बोल्ट होतो. दोघे वर, शॉक-अॅब्सॉर्बरला धरून. एक खाली, चाकाजवळच्या सांध्यात. चौथा मी. चाकाला पेलणारा लोखंडी आर्म ज्या बोल्टने चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जोडतात, तो जुना बोल्ट मी. माझा नट चेसिसच्या पोकळीत वेल्ड केलेला असल्यामुळे बाहेरून फक्त माझे षट्कोनी डोके दिसते.

कारखान्यात मला ठोकून, आटे पाडून घडवले. पण इथे बसवले दादांनी. गॅरेज त्यांचे आणि गाडीही त्यांचीच. त्यांनी मला पेट्रोलने इतके पुसले, की फडक्यावर डाग उमटेना. मग मला आवळले आणि माझ्या डोक्यावरून थेट चेसिसपर्यंत रंगाची एक पिवळी रेघ ओढली.

"रेघ सरळ आहे तोवर बोल्ट हललेला नाही," त्यांनी बायकोला समजावले.

"माझ्या भुवईपेक्षा सरळ काढलीत हो!" त्या म्हणाल्या. त्या वर्षी दादांनी त्यांना याच गाडीवर चालवायला शिकवले.

पुढच्या हिवाळ्यात दादा आजारी पडले आणि गेले.

गॅरेज धाकट्या भावाकडे आले. दरवर्षी तो माझ्या तिन्ही सोबत्यांना सोडवी, पुसून ग्रीस लावी आणि पुन्हा आवळी. माझ्यापाशी मात्र त्याचा पाना थबके.

"वहिनी, ही रेघ पुसली जाईल."

"मग राहू द्या भाऊजी. त्यांच्या हातची आहे."

तो पाना काढून घेई. मला कुणी विसरले नव्हते, मित्रांनो. माझ्यावर सगळ्यांचा जीव होता. पण रस्त्यावरचे पाणी माझ्या अंगाला झिरपत राहिले. लोखंडाचा गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. माझ्याभोवतीची केसाएवढी फट त्याने भरून टाकली आणि मी आर्मच्या टोकाशी असलेल्या लोखंडी नळीत रुतून बसलो.

मग त्या नळीभोवतीचे रबर फाटले. ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढू लागली. तपासणीवाल्याने बजावले, "आर्म बदलल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणायची नाही." आता मला सुटणे भाग होते. मी सुटलो नाही, तर गाडी भंगारात जाणार होती.

वहिनी स्टूल घेऊन शेजारी बसल्या. भाऊजींनी तारेच्या ब्रशने मला घासले, तेल सोडले, थांबले, पुन्हा सोडले. गंजाची पकड मोडावी म्हणून आधी किंचित आवळून पाहिले, मग उलटे फिरवले. मी हललो नाही.

"काय रे बाबा, दादासारखाच हट्टी तू!" भाऊजी म्हणाले. वहिनी हसल्या आणि हसता हसता तोंड फिरवून बसल्या.

मग ज्योत लावून मला तापवले. पान्याच्या दांड्यावर लांब पाइप चढवला.

"तुटेल का हो?"

"बोल्ट तुटला तर तुटू दे, वहिनी. मला धास्ती चेसिसची आहे."

भाऊजींनी पाइपवर सगळे अंग टाकले. मी फिरलो.

"सुटला!" वहिनी उठून उभ्या राहिल्या.

मी सुटलो नव्हतो. माझ्यासकट नट फिरला होता, आणि त्याने भोवतालचा पत्राही फाडला होता. भाऊजींनी तिथे स्क्रूड्रायव्हर टोचला. तो मुठीपर्यंत आत गेला. गंजाचे पापुद्रे जमिनीवर पडले.

"इथे वेल्डिंग धरणार नाही, वहिनी. धरायला काही उरलेलंच नाही."

"मीच नको नको म्हणत होते."

"आणि मी ऐकत होतो."

मग भाऊजींनी ज्योत विझवली.

मित्रांनो, ज्याच्यावर तुमचा जीव आहे त्याला हात लावायला भिऊ नका. त्याला वेळेवर सोडवा, पुसा, ग्रीस लावा आणि पुन्हा आवळा. रेघ पुन्हा ओढता येते.

भंगारवाल्याने गाडी वजनकाट्यावर चढवली. वहिनी आणि भाऊजी दाराशी उभे होते. आकडा थोडा वेळ हलत राहिला, मग स्थिरावला.

आठशे बारा किलो.