विनीताचं डोकं आणि मुलेठीचा काढा

माझ्या बीपीचं निदान आमच्या घरात डॉक्टरांच्या आधी सासूबाईंनीच केलं. विनीताचं डोकं तापतं म्हणून बीपी चढतं, बस. माझे यजमान जयेश यांनी त्याला मम म्हटलं.

मला राग येतो, हे खोटं नाही. अन्नपूर्णा भागातल्या शाळेत मी गणित शिकवते. आठवीच्या भरल्या वर्गाला हळू आवाजात बीजगणित शिकवून दाखवा, मग बोला. पण रागीट मी लग्नाआधीपासून आहे आणि बीपी चढलं दिवाळीनंतर. एवढी सीधी बात कुणाच्या डोक्यात शिरेना.

गोळ्या वाढत गेल्या, बीपी काही उतरेना. जिना चढताना पाय गळून जायचे. जो येईल तो पोह्यांची प्लेट हातात घेऊन मला शांत राहायला सांगायचा. असं सांगितल्यावर शांत झालेला माणूस मी तरी अजून बघितला नाही.

सासूबाई मनाच्या वाईट नाहीत. दिवाळीत माझा घसा बसला, तेव्हापासून त्या रोज सकाळ-संध्याकाळ मुलेठीचा, म्हणजे ज्येष्ठमधाचा, काढा हातात देत. घसा सुटला, काढा सुटला नाही. उलट बीपी चढल्यावर त्यांनी मुलेठी दुप्पट केली. थंड असते, डोकं शांत राहतं म्हणे. गोड लागायचा, मीही मुकाट प्यायचे.

मग जयेशनी परस्पर शाळेत जाऊन मोठ्या बाईंना सांगून टाकलं की विनीता मार्चनंतर नोकरी सोडतेय. मला विचारलंसुद्धा नाही! तळपायाची आग मस्तकात गेली. आणि मी ओरडले, तर म्हणतात कसे, बघ, हेच तुझं बीपी.

जानेवारीत तपासणीत पोटॅशियम फारच कमी निघालं, म्हणून हार्मोनच्या डॉक्टर शलाका यांच्याकडे पाठवलं. शरीरात मीठ धरून ठेवणारं एक हार्मोन असतं. ते वाढलं असेल असं त्यांना वाटत होतं. रिपोर्टात ते तळाला गेलेलं. म्हणजे त्याचं काम दुसरंच काहीतरी करत होतं. मग त्यांनी मी रोज काय काय खाते-पिते ते खोदून खोदून विचारलं. काढ्याचं नाव निघालं आणि त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मुलेठी आजपासून बंद. ती घेतली की शरीरातलं दुसरं एक हार्मोन त्या हार्मोनसारखं वागायला लागतं. मीठ साठतं, पोटॅशियम जातं, बीपी चढतं."

घरी सांगितलं तेव्हा सासूबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी स्वतःच्या हातानं मुलेठीचा डबा कचऱ्यात रिकामा केला. त्यांच्यावर मला रागावता आलं नाही. मार्च लागेपर्यंत पायांत ताकद आली, गोळ्याही डॉक्टरांनी एकेक करून बंद केल्या.

जयेश खूश होऊन म्हणाले, चलो, आता घरात शांती.

मी बीपीचं मशीन आणून त्यांच्यासमोर बसले आणि मनात साठलेलं सगळं बोलले. माझी नोकरी तुम्ही कोणाला विचारून सोडलीत? माझ्या रागाला आजार ठरवलंत, म्हणजे मी कशावर रागावते ते ऐकायला नको! बोलून झालं, पट्टा बांधला, बटण दाबलं. एकशे बत्तीस.

"राग सगळा इथेच आहे, बीपी नाही. आता बोला."

सासूबाई मशीनकडे बघत राहिल्या, मग मुलाकडे वळल्या.

"जयेश, चपला घाल. शाळा सुटायच्या आत बाईंना सांगून ये."