एसच्या पलीकडची खूण

मी एक जुना कुंचला आहे, मित्रांनो. काडीएवढा बारीक, चिमूटभर केसांचा. पाट्या रंगवणाऱ्या पेंटरकाकांच्या डब्यात माझं आयुष्य गेलं. मोठी अक्षरं माझे थोरले भाऊ काढत. माझ्याकडे काम एकच: इंग्रजी पाटीवर मालकी सांगणारी ती इवली खूण, अपॉस्ट्रॉफी. मालक एक असला तर ती शब्दाच्या शेवटच्या 'एस' या अक्षराच्या अलीकडे बसते, पुष्कळ असले तर पलीकडे. उगीच कुठंही नाही. एका भाजीवाल्यानं ती शोभेपुरती 'टोमॅटोज'वर मागितली, तेव्हा काका म्हणाले, "टोमॅटो पुष्कळ आहेत, कबूल. पण त्यांच्या मालकीचं काय आहे?"

काकांची एक रीत होती. एसच्या दोन्ही बाजूंना जागा सोडायची, आणि मालकाला शिडीखाली उभं करून विचारल्याशिवाय मला बाहेर काढायचं नाही.

एकदा दोघी बहिणींच्या शिवणकामाच्या दुकानावर 'सिस्टर्स टेलरिंग' रंगवायचं होतं. दुकान थोरलीनं उभं केलेलं. धाकटी मागाहून आली. पडद्याआड बसून काजं-बटणं करी. शिडी धरता धरता तिनं काकांना हळूच सांगितलं, की ती कपड्यांच्या कारखान्यात नोकरी धरणार आहे. बहिणीच्या दुकानात पाहुणी म्हणून किती राहायचं? ताईला सांगायचा धीर तेवढा होत नव्हता.

काकांनी थोरलीला बाहेर बोलावलं आणि नेहमीसारखं विचारलं, "दुकान एकीचं की दोघींचं?"

"ताईचं," धाकटी म्हणाली. "मी आपली टाके घालणारी."

थोरलीच्या ओठांत टाचण्या होत्या. एकेक काढून तिनं त्या पदराला टोचल्या.

"हिला काय विचारता, काका? ही स्वतःची सावलीसुद्धा माझ्या नावावर करील. पलीकडे टाका खूण." मग धाकटीकडे वळून म्हणाली, "कारखान्याचं कळलंय मला. जायचं तर जा. पण भागीदारासारखं तोंडावर सांगून जा."

काकांनी मला काळ्या रंगात बुडवलं आणि एसच्या पलीकडे टेकवलं. रंग ओला होता तोवरच एक गिऱ्हाईक आलं. ताई आहेत का, म्हणून विचारू लागलं.

धाकटीनं टेप गळ्यात अडकवली.

"मी आहे ना. बोला."

आता पाट्या छापून येतात. कुणी कुणाला विचारत नाही. मी न धुतलेल्या रंगानं ताठ होऊन पडलो आहे. मित्रांनो, काम झालं की कुंचला धुवून ठेवा. आणि एखाद्या गोष्टीवर एकाच्याच मालकीची खूण करण्याआधी, तिच्यासाठी आणखी कोण राबतं, तेवढं विचारा.