डाव्या पायाची मोजडी

लग्नात वरमाईने मिरवायचं असतं. चंद्राबाई मात्र सकाळपासून एका पिशवीला डोळ्यांचा पहारा देत होती. कुणी पाया पडायला आलं तरी तिचं अर्धं लक्ष पिशवीकडे. पिशवीत होत्या नवरदेवाच्या मोजड्या, आणि त्यातल्या डाव्या मोजडीत आतून चामड्याचे थर घालून टाच उंच केलेली होती.

तिच्या हर्षदचा डावा पाय जन्मापासून बोटभर आखूड. बस, एवढंच. बाकी पोरगं लाखात एक. खोपोलीत कंपनीच्या ऑफिसात कामाला, वर कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण अनवाणी चालला की लचकायचा, आणि ती लचक चंद्राबाईच्या काळजात जाऊन बसायची. म्हणून तिने त्याला अनवाणी ठेवलंच नाही. शाळेला काळे बूट, कवायतीला कॅनव्हासचे, पावसाळ्याला रबरी. मोठा झाला तसे ऑफिसला तपकिरी, बारशा-साखरपुड्याला चकचकीत, आणि कुणाच्या मयताला जायचं तर साध्या पट्ट्याच्या चपला. दुःखाच्या घरी चकचकीत घालून गेलेलं बरं दिसत नाही, हेसुद्धा तिने बघून ठेवलेलं. घरात फिरायला वेगळ्या सपाता. सगळ्यांची डावी बाजू कर्जतच्या बाजारातल्या एका जोडेवाल्याकडून उंच करून घेतलेली. घरात देव्हारा केवढासा आणि जोड्यांचं कपाट भिंतभर, असं तिचा नवरा हिरू चिडवायचा. चिडवेना का! पोराचं व्यंग झाकायला आई नाही तर कोण उभी राहणार?

पळसदरीची मंडळी मुलगा बघायला खालापूरला त्यांच्या घरी आली तेव्हा हर्षद घरात बूट घालून खुर्चीवर बसला होता. मुलीचे वडील धाकलू बुटांकडे बघत राहिले. चंद्राबाईने लगेच सांगून टाकलं, त्याला ऑफिसची सवय हाय, फरशी गार लागते. धाकलू चहा प्यायले आणि सोयरीक जमली. हिरू तिला दहादा म्हणाला असेल की सांगून टाक, लपवण्यासारखं काय हाय त्यात. ती म्हणायची, आधी डोक्यावर अक्षता पडू दे, मग काय ते सांगू. पाय बघून मागं फिरले तर पोराचं दुसरीकडे तरी जमेल का? एकदा बोभाटा झाला की झाला.

तर आता अक्षता पडल्या होत्या. भिसेगावातल्या त्या हॉलमध्ये मंगलाष्टकं संपायची खोटी, मंडळी जेवणावर तुटून पडली. सप्तपदीचं चंद्राबाईने आधीच बघून ठेवलं होतं. भटजींना बाजूला घेऊन तांदळाच्या राशी जवळजवळ मांडायला लावल्या होत्या, म्हणजे अनवाणी पावलं छोटी पडतील आणि लचक दिसणार नाही. ते निभावलं. राहिलं होतं एकच. नवरानवरीने स्टेजवरून उतरायचं आणि अख्खा हॉल ओलांडून जेवणाच्या टेबलापर्यंत जायचं. दोन्ही बाजूंना पळसदरीचं सगळं गाव पंगतीला. तेवढी मोजडी पायात चढली की गंगेत घोडं न्हालं.

ती मोजडी घ्यायला वळली, तर पिशवी रिकामी.

पिशवी सांभाळायला तिने भाचेसून माधवीला मुद्दाम बसवलं होतं. नवरदेवाचे जोडे करवल्या पळवतात, हे काय तिला माहीत नव्हतं? माधवी म्हणाली, जरा पाणी प्यायला गेले होते, आणि नजर दुसरीकडे वळवली. चंद्राबाईच्या तोंडचं पाणी पळालं. स्टेजवर भटजी आवरत होते. फोटोवाला नवरानवरीला खाली उतरायला सांगत होता.

करवल्या हॉलच्या कोपऱ्यात खिदळत बसल्या होत्या. त्यांच्यात पुढे होती नवरीची धाकटी बहीण आरोही. चंद्राबाईने आधी हसून मागितल्या. पोरी हसल्या. तिने परत मागितल्या, तेव्हा हसू तिच्या तोंडावर टिकेना. वरमाईने करवल्यांशी घासाघीस करायची, लटकं रागवायचं, ही रीत. पण घासाघीस करायला तिला उसंत कुठे होती? तिने बोटातली सोन्याची अंगठी ओढली. ती निघेना. तिने ओढून ओढून बोट लाल केलं, शेवटी काढली आणि आरोहीच्या हातावर ठेवली. पोरींचं हसणं बंद पडलं.

आरोही उठून उभी राहिली. तिने अंगठी परत चंद्राबाईच्या मुठीत कोंबली.

"मावशी, आमी नाय चोरल्या," ती हळू आवाजात म्हणाली. "दाजींनीच पाठवल्या आमच्याकडं. म्हणाले, आईने मागितल्या तरी देऊ नका."

चंद्राबाईला आधी कळेचना. मग कळलं, आणि ती धावली. भरजरी साडीत, पंगतीच्या मधून, वाढप्यांना ढकलत. पोराला काय वेड लागलं? आजच्या दिवशी, या एवढ्या माणसांत?

उशीर झाला होता. हर्षद स्टेजच्या पायऱ्या उतरून खाली आला होता. अनवाणी. त्याच्या शेल्याला पदराची गाठ मारलेली नवरी, संजना, त्याच्या बाजूने चालत होती. उजवा पाय सरळ पडायचा, डाव्यावर आला की अंग खाली झुकायचं. सावकाश चालला होता, अजिबात न लपवता. पंगतीतली तोंडं एकामागून एक वर झाली.

धाकलू जिलबीचं ताट घेऊन आग्रह करत फिरत होते. तेही थांबले. चंद्राबाई त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि तिच्या तोंडून भरभरा खोटं निघालं. मोजडी नवी होती, पायाला चावली, म्हणून बिचारा लंगडतोय, उद्या बरा होईल. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना.

धाकलूंनी ताट टेबलावर ठेवलं.

"विहीणबाई, पोरगी द्यायची म्हंजे चौकशी करतोच की आमी. पळसदरी आनि खालापूर, मधे काय समुद्र हाय? पाय मला पयल्यापासून ठावं हाय. संजनालाबी ठावं हाय."

"मग बोलला नाय तुमी?"

"तुमी बोलाल म्हनून थांबलो," धाकलू म्हणाले. "साखरपुड्याला वाटलं, आज सांगतील. हळदीला वाटलं. पायाचं काय नाय हो. पर तुमी आमाला परकं धरलं, त्याचं वाईट वाटलं."

चंद्राबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ओरडले असते, भांडले असते, तर तिने दोन शब्द ऐकवले असते. एवढे महिने रात्रीची झोप घालवून जे झाकलं, ते उघडंच होतं, आणि उघडं पडली होती ती एकटी.

हर्षद आणि संजना तिच्यापर्यंत पोचले. तिने त्यांच्याकडे बघितलंच नाही. आजूबाजूला बघत ती म्हणाली, "कोनी तरी चपला आना रं याला. लाद्या गार हायत."

"नको आई."

"ऐक माझं, लोक बघतात."

"लोक बघतात त्याचं मला काय नाय गं," हर्षद म्हणाला. "मी चाललो की तू तोंड फिरवायचीस. लहान होतो तवापासून. नवीन जोडे घातले की मगच बघायचीस माझ्याकडं. मला वाटायचं, जोडे नसले तर आईला मी आवडत नाय."

चंद्राबाईच्या जिभेवर आलं, असं नव्हतं रं बाळा, असं कधीच नव्हतं, तुझा त्रास बघवायचा नाही म्हणून. पण पोराला ते कधी सांगितलं होतं तिने? त्याला दिसली होती फक्त तिची पाठ.

हर्षदने गाठ मारलेला शेला खांद्यावरून काढून संजनाच्या हातात दिला. तो मागे वळला, स्टेजच्या पायरीपर्यंत गेला, आणि तिथून परत आईकडे चालत यायला लागला. पंगतीत कुणी घास उचलत नव्हतं. पाऊल पडायचं, अंग झुकायचं, परत सावरायचं. चंद्राबाईची मान सवयीने बाजूला वळायला लागली. तिने ती वळू दिली नाही. डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं. तिने पदर तोंडात धरला, पण डोळ्यांवर घेतला नाही, आणि तो पोचेपर्यंत ती त्याच्याकडे बघत राहिली.