खडूची खोली

मावशीचं एक तत्त्व होतं: भाव कमी करायचा नाही, काम कमी करायचं, आणि तेही गिऱ्हाईकाच्याच हातानं. भाचीनं ते पाठ केलं होतं, पण तिला ते पटलं नव्हतं. गुडघ्यांनी दगा दिला तशी मावशी घरी बसली आणि घरं सजवण्याचा धंदा भाचीच्या गळ्यात पडला. त्यानंतरचं हे पहिलंच मोठं काम. हे हातचं गेलं तर ऑफिसला टाळं लावायचं, असं दोघींचं ठरलेलं. अशा वेळी तत्त्वं काय चाटायची आहेत? थोड्या पैशांवर पाणी सोडावं आणि काम पदरात पाडून घ्यावं, असाच तिचा बेत होता.

गिऱ्हाईक होतं कापडवाला. उभी हयात घासाघिशीत गेलेला माणूस. त्यानं खर्चाचा कागद वाचला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"ताई, घर सजवायचंय. परत विकत नाही घ्यायचं."

भाची आकडा खाली आणणारच होती, पण डोळ्यांपुढे मावशी उभी राहिली. तिनं ओलं फडकं पुढे केलं आणि जमिनीवरच्या खडूच्या रेघांकडे बोट दाखवलं.

"काका, जे नको ते तुम्हीच पुसा. तेवढे पैसे कमी."

नवा फ्लॅट आतून अजून मोकळाच होता. सकाळीच तिनं खऱ्या मापात सगळं घर जमिनीवर खडूनं आखलं होतं आणि आल्या आल्या तिघांना फिरवून दाखवलं होतं: ही भिंत, हे दार, हा ओटा. तिघं म्हणजे कापडवाला, त्याची बायको आणि त्याची आई. आईला घरी एकटं ठेवता येत नव्हतं म्हणून आणलेलं. ती आता बाहेरच्या दाराशी खुर्चीत बसली होती.

कापडवाला खूश झाला. टीव्हीच्या भिंतीपाशी तो घुटमळला, पण ती नक्षीची भिंत म्हणजे त्याचा जीव की प्राण. तिला वळसा घालून तो आईच्या खोलीशी आला आणि उकिडवा बसला.

"ही उडवू. रुंद दार, भिंतीला धरायला दांडा, खिडकीशी बैठक! आईला कशाला एवढं? हॉलमध्ये कॉट टाकली की झालं. इतकी वर्षं तशीच तर झोपते."

"अहो, हळू," बायको पुटपुटली.

खुर्ची करकरली. आई उठली होती. सरळ आली असती तर चार पावलं होती, पण ती रेघांवरून आली नाही. काठी टेकत ओट्याला वळसा घालून, भिंतीच्या कडेकडेनं ती आपल्या दारातून आत शिरली. दांडा जिथे येणार होता तिथे तिनं हवेतच हात धरला आणि तो तसाच सरकवत खिडकीशी गेली. बैठकीच्या जागी भाचीनं एक खोकं ठेवलं होतं. बसण्याआधी काहीतरी आठवल्यासारखी ती मागे वळली, दारापर्यंत आली आणि दार लावून घेतलं. मग बसली. चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि डोळे मिटले.

रेघा भाचीनंच मारल्या होत्या, पण त्यात खोली आहे हे तिला आत्ता दिसलं. केवढी थोर गोष्ट हातून घडत होती, आणि ती निघाली होती तिचा भाव पाडायला! सुनेनं नजर दुसरीकडे वळवली. लावलेल्या दाराआड कोण डोकावणार?

कापडवाला फडकं घेऊन उठला आणि दारापाशी गेला. एक पाऊल टाकलं असतं तर रेघ पुसली असती. बाजारात कुणापुढे न अडणारा माणूस तिथे अडला. त्यानं घसा खाकरला.

"आई, येऊ का आत?"

"चपला बाहेर काढ," आतून आवाज आला.

त्यानं फडकं भाचीच्या हातात दिलं. "माझी टीव्हीची भिंत पुसा. अख्खी."

मग त्यानं चपला काढल्या, हात पुढे केला आणि दार हळूच ढकललं.